दंड पन्नास रुपये, आणि सही तुमची

पत्र : "पशुसंवर्धन खात्यात बरीच वर्षं काढली. दवाखाना, लसीकरण, कृत्रिम रेतन, दुष्काळात चारा छावण्या, सगळं केलं. आता बढती मिळून जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त झाले आणि पदाबरोबरच जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचं सदस्य सचिवपद गळ्यात पडलं. समितीची शेवटची बैठक कधी झाली हे फाईल चाळूनही कळत नाही. जिल्हा ऊसपट्ट्यातला. प्राणिमित्र संघटना रोज फोटो पाठवून 'काय कारवाई केली?' विचारतात. व्यापारी आणि गाडीवान म्हणतात, 'मॅडम, तुम्ही आमच्या डॉक्टर, आणि आता आमच्यावरच केस?' ठाण्यात गेलं की अंमलदार सांगतात, पन्नास रुपये दंडाचा गुन्हा आहे, कशाला डोकं लावता. हे काम डॉक्टरचं की पोलिसाचं, हेच मला कळेनासं झालंय. सुरुवात तरी कुठून करू?" – एक उपायुक्त

नमस्कार डॉक्टर,

ठाणे अंमलदार खोटं बोलत नाहीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधल्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत तोच माणूस पुन्हा सापडला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी काढला होता. त्याच्या भरवशावर कामाला लागायचं थांबू नका.

अंमलदारांनी न सांगितलेली दुसरी अडचण अशी की कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे त्यांत पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकत नाहीत. कलम ३१ नुसार त्यातली एल, एन आणि ओ ही तीनच पोटकलमं आणि शिवाय कलम १२ दखलपात्र. कोंबून भरलेला टेम्पो पोटकलम डी मध्ये येतो, म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. जनावर मारलं, विष घातलं किंवा कायमचं जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. हा फरक तुम्हाला तोंडपाठ हवा, कारण ठाण्यात निम्मा वाद त्यावरच होतो. आणि कलम ३६ विसरू नका : घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखल होतच नाही. तुमचा अहवाल टपालात दोन महिने पडून राहिला, तर आरोपीच्या वकिलाला काही करावंच लागत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग या कायद्यात राहिलं काय? राहिलं ते हे, की जनावर कोणाच्या ताब्यात राहणार, त्याच्या चाऱ्यापाण्याचे पैसे कोण भरणार, आणि तुमच्या खात्याची सही कशावर होणार. तिन्ही ठिकाणी शब्द पशुवैद्यकाचा चालतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे : गाडी अडवणं पोलिसाचं काम, बाकी जवळजवळ सगळं डॉक्टरचं. कलम ३४ नुसार तपासणीसाठी जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला किंवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. रात्री महामार्गावर जीप आडवी घालणाऱ्या पोरांना तो नाही, त्यांच्या मनात जनावराविषयी कितीही कळवळा असो. हे पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे फार मनस्ताप वाचेल.

आता टेम्पोचंच बघू, कारण तुमचा सर्वाधिक वेळ त्यातच जाणार आहे.

"जनावरे अत्यंत दाटीवाटीने व निर्दयपणे कोंबलेली आढळून आली." हे वाक्य मी इतक्या पंचनाम्यांत आणि वैद्यकीय अहवालांत वाचलंय की लेखनिकाला पाठ असावं. कोर्टात त्याची किंमत शून्य. दाटीवाटी म्हणजे किती, असं वकिलाने विचारलं की आपला पशुधन विकास अधिकारी गप्प. त्याऐवजी टेप घेऊन हौद्यात चढा. समजा हौदा पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद निघाला, म्हणजे दहा चौरस मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई गायी-म्हशींना प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा आणि मध्ये आडोसे सांगतो. शेळी-मेंढीला ०.३, डुकराला ०.६. म्हणजे या हौद्यात मोठी जनावरं पाच. शिवाय १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार एका मालवाहू गाडीत गुरं सहापेक्षा जास्त नेताच येत नाहीत, गाडी केवढीही असो. आत अकरा निघाली, तर अहवालात एवढंच लिहायचं : लांबी, रुंदी, संख्या, नियमाने बसणारी संख्या. "निर्दयपणे" हा शब्द न्यायाधीश स्वतः लिहितील.

मग एकेक जनावर. इअर टॅगचा बारा अंकी नंबर, वय, ताप, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर जागेवर यायला लागलेला वेळ, डोळे खोल गेलेत का, वेसणीजवळ ताजी जखम आहे का, गुडघे आणि मागचे सांधे खरचटलेत का, शिंग मोडलंय का, पाय बांधलेत तर दोर किती लांबीचा. बसलेलं जनावर उठवल्यावर उठतं का. चालकाने शेवटचं पाणी कुठे पाजलं म्हणून सांगितलं आणि गाडीत बादली होती का. तपासणी सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. फोटोत टॅग वाचता आला पाहिजे. हे सगळं एका छापील पानावर बसतं. असं पान तयार करून सगळ्या तालुक्यांना पाठवणं, ही तुमची पहिल्या महिन्यातली सगळ्यात मोठी कामगिरी ठरेल, जरी त्याचा फोटो पेपरात येणार नसला तरी. त्याच गाडीच्या नंबरसह एक प्रत आरटीओला द्या. मोटार वाहन नियमांचा भंग हा त्यांचा विषय आहे आणि परवान्यावर आलेली गोष्ट वाहनमालकाला लगेच कळते.

पुढचा भाग खर्चाचा. खटल्यातल्या जनावरांच्या देखभालीबाबत २०१७ चे स्वतंत्र केंद्रीय नियम आहेत. जप्त जनावर खटला चालू असेपर्यंत पांजरपोळ, गोशाळा किंवा अशाच संस्थेत राहतं आणि त्याच्या वाहतूक-उपचार-चाऱ्याच्या खर्चासाठी मॅजिस्ट्रेट मालकाकडून बाँड लिहून घेतात. वाहतुकीच्या गुन्ह्यात तर वाहनमालक, पाठवणारा, घेणारा, दलाल असे सगळे मिळून आणि वेगवेगळेही जबाबदार धरले जातात. पन्नास रुपयांच्या दंडाला हसणारा माणूस अकरा जनावरांच्या दोन-तीन महिन्यांच्या चाऱ्याच्या बिलाला हसत नाही. पण ते बिल टिकायला रोजची नोंद हवी : किती चारा, कोणतं औषध, कोण तपासून गेलं, किती दगावली. ही वही नसेल तर मॅजिस्ट्रेटने रक्कम ठरवायची कशावरून?

इथेच एक नाजूक गोष्ट सांगतो. जनावरं जिथे पाठवता ती जागा आधी जाऊन बघा. काही गोशाळा इतक्या नेटक्या आहेत की आपल्या दवाखान्याची लाज वाटावी. काही ठिकाणी मात्र पन्नासच्या जागेत दोनशे जनावरं, चिखलात उभी, आणि मेलेल्यांची नोंद कुठेच नाही. टेम्पोतून सोडवलेलं जनावर तिथे महिन्याभरात उपासाने गेलं तर आपण त्याचा छळ फक्त लांबवला. जनावराची नीट काळजी घ्या असं सांगणारं कायद्याचं कलम ३ जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू आहे, मग तो कत्तलखान्याचा व्यापारी असो की गोशाळेचा विश्वस्त. ही तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

त्याच्या जोडीला अजून एक. २०१५ पासून लागू झालेली गोवंश हत्याबंदी हा वेगळा कायदा आहे. पोलिसांना आणि संघटनांना तो जवळचा वाटतो, त्यामुळे बैलांचा टेम्पो लगेच पकडला जातो. म्हशींचा, शेळ्यांचा, दुचाकीला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्यांचा कोणी पकडत नाही. तुमच्या समितीचा कायदा मात्र जनावराची जात विचारत नाही. वर्षाच्या शेवटी तुमच्या कारवायांच्या यादीत फक्त गोवंश दिसला, तर ती यादी तुम्ही बनवलेली नाही, दुसऱ्या कोणी तरी तुमच्याकडून बनवून घेतलेली आहे, असं समजा.

आता सही. टेम्पो महामार्गावर सापडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो निघतो आठवडी बाजारातून, आणि बऱ्याचदा आपल्याच खात्याच्या दाखल्यावर निघतो. जनावर प्रवासाला योग्य आहे असं पशुवैद्यकाने तपासून लिहून दिल्याशिवाय वाहतूक करता येत नाही, हे १९७८ च्या नियमांतच आहे. बाजाराच्या दिवशी एका टेबलावर बसून, जनावराकडे न बघता, व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा भरून सह्या करणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांना फार दोषही देत नाही. एक माणूस, दोनशे जनावरं, आणि मागे उभे असलेले लोक. पण असा एक दाखला कोर्टात समोर आला की आपला पुढचा सगळा अहवाल पडतो : "साहेब, यांच्याच डॉक्टरने सकाळी जनावर ठणठणीत असल्याचं लिहून दिलंय."

म्हणून कारवाईची सुरुवात घरातून करा. कोरा दाखला नाही, टॅग नंबर नसलेला दाखला नाही, आणि दाखल्यावर वाहनाचा नंबर व हौद्याचं माप असल्याशिवाय सही नाही. बाजाराच्या दिवशी शेजारच्या तालुक्यातला एक जण मदतीला द्या, नाहीतर हे नियम कागदावरच राहतील. बाजार समितीला पत्र लिहून चढ-उतारासाठी धक्का, सावली आणि पाण्याचा हौद मागा. टेम्पोच्या फळीवरून बैल ओढून चढवताना मोडलेला पाय तुम्ही पाहिला असेलच. साधा उताराचा धक्का असेल तर ती वेळच येत नाही. माझ्या मते या एका गोष्टीने जितका छळ थांबतो तितका वर्षभराच्या खटल्यांनी थांबत नाही.

ऊसपट्टा म्हणालात, म्हणून गाडीवानांविषयी जरा सविस्तर लिहितो. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. खात्यातही फार कमी लोकांनी ते उघडून बघितलेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विसावा हवा. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. वजनही ठरलेलं आहे : दोनशे ते साडेतीनशे किलोचा मध्यम बैल असेल तर टायरच्या दोन चाकी बैलगाडीला १०५० किलो, बैलजोडी असेल तर त्याच्या दुप्पट. मोठा चढ असेल तर निम्मं. गाळप हंगामाचे शेवटचे महिने आठवा. मार्चमधली दुपार, टायरगाडीवर दोन माणसं उंच रचलेला ऊस, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर जुवाखाली तासन्‌तास उभी असलेली जोडी.

पुरावा शोधायला कुठे जायचं? कुठेही नाही. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्हींची वजनं कारखान्याच्या काट्यावर होतात आणि त्याची पावती फाटते. कोणत्या गाडीवर किती ऊस होता हे हंगामभर रोज कारखान्याच्या दप्तरात लिहिलं जातं. इतका चोख पुरावा तुम्हाला दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्यात मिळणार नाही.

आता त्या पुराव्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न. गाडीवानावर एनसी टाकणं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात निरुपयोगी. तो मुकादमाकडून उचल घेऊन आलाय, मजुरी टनावर मिळते, बैलही अनेकदा कर्जाचे. खेप मोठी केली तरच उचल फिटते. त्याला दंड केलात तर तो भरून काढायला उद्या दोन मोळ्या जास्त टाकेल. "तुम्ही आमच्या डॉक्टर" असं तो म्हणतो त्यात त्याचं काही चुकत नाही, आणि त्याचे बैल तुमच्याकडेच येणार आहेत, खांदेसूज घेऊन.

म्हणून कारखान्याशी बोला, तेही हंगामाच्या आधी. जिल्हाधिकारी समितीचे अध्यक्ष आहेत. पत्र त्यांच्या सहीने कार्यकारी संचालकांना जाऊ दे. त्यात मागण्या मोजक्या ठेवा : काट्यावर बैलगाडीसाठी कमाल वजन, गाडीतळावर पाणी आणि सावली, नंबर लावून गाडीवानाला टोकन, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत बैल सोडून ठेवता येतील. शेवटची मागणी फुकटची आहे आणि बैलाला सगळ्यात जास्त आराम तिनेच मिळतो. त्याच्याबरोबर फाटकाशेजारी आठवड्यातून एकदा आपल्या दवाखान्याचं शिबिर लावा : खांदेसूज, खुरं, पत्र्या, जंत. गाडी पुढे किंवा मागे जड झाली की मानेवर काय होतं, हे तिथेच भरलेल्या गाडीजवळ उभं राहून दाखवा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते लवकर पटतं. इतकं सगळं केल्यावरही काट्याच्या पावत्या तेच आकडे दाखवत राहिल्या, तर खटला करा. कलम ११ मध्ये जादा ओझं लादणं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या वेळी मात्र गाडीवानाचं एकट्याचं नाव घालून मोकळ्या होऊ नका. ओझं ज्याच्या सोयीने वाढतं त्याची भूमिका कागदावर आणा आणि सरकारी वकिलांना विचारा.

शर्यतींचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तो येईलच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात बैलांच्या शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे शर्यत, शंकरपट, काहीही म्हणा, आता अटींवर होतो आणि परवानगी जिल्हाधिकारी देतात. आपण त्या अटींचे डोळे. आपला डॉक्टर सुरुवातीच्या रेषेजवळ हवा, व्यासपीठावर फेटा बांधून नको. चाबूक, खिळा लावलेली पराणी, शेपूट पिरगळणं किंवा चावणं, बॅटरीचा शॉक, हे सगळं पहिल्या काही सेकंदांत होतं आणि धुळीत दिसत नाही. व्हिडिओ आयोजकाच्या माणसाचा नको, आपला हवा.

भटकी कुत्री हा तुमचा मुख्य भार नाही, हे आधी स्वतःला बजावा. २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे यावर लागोपाठ आदेश झाले. २२ ऑगस्टच्या आदेशाने रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायची असं ठरलं, पुढे शाळा-रुग्णालयांसारख्या आवारांबाबत वेगळे निर्देश आले. मुख्याधिकाऱ्यांना तांत्रिक सल्ला द्या, शस्त्रक्रियांची गुणवत्ता तपासा. कुत्रं चावल्याचा प्रत्येक फोन आपल्या टेबलावर घेऊ नका, नाहीतर बाकी काही होणार नाही.

संघटनांचं काय करायचं? त्या रोज फोटो पाठवतात, कारण उत्तर मिळत नाही. तक्रारीचा छोटा नमुना द्या : ठिकाण, वेळ, वाहन क्रमांक, काय दिसलं, तक्रारदार कोण. प्रत्येक तक्रारीला आठवड्यात लेखी उत्तर, "तपासणीत तथ्य आढळले नाही" हेसुद्धा उत्तरच. ओरडणाऱ्यांतले निम्मे यानंतर कामाला लागतात, रात्री दोन वाजता जखमी बैलाला सलाईन धरून उभे राहतात. उरलेले ओरडतच राहतात, पण तुमच्याकडे जावक क्रमांक असतो. आजारी जनावराचे फोन १९६२ या हेल्पलाइन क्रमांकावर वळवा, छळाच्या तक्रारी समितीकडे. दोन्ही एकाच वहीत घालू नका.

बैठकीबद्दल. "समितीचे पुनर्गठन व कामकाज" असा मोघम विषय ठेवलात तर जिल्हाधिकाऱ्यांचा स्वीय सहायक तारीखच देणार नाही. अर्ध्या पानाची टिपणी न्या, तीन निर्णय मागा : तपासणीचा छापील नमुना, कारखान्यांना पत्र, आणि जप्त जनावरं ठेवायला योग्य अशा संस्थांची तपासून केलेली यादी. पोलीस अधीक्षकांकडून प्रत्येक उपविभागात ठाणे अंमलदारांसाठी अर्धा दिवस मागून घ्या. दखलपात्र, अदखलपात्र, कलम ३४, कलम ३६ आणि २०१७ चे नियम, एवढंच एका पानावर छापून काचेखाली ठेवायला द्या. भाषण करू नका. इतिवृत्तावर त्याच आठवड्यात सही घ्या.

आणि फोन येतील. "आपलाच माणूस आहे, दाखल्याचं बघा." त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. "साहेब, टॅग आणि हौद्याचं माप पाठवायला सांगा, बसत असेल तर दहा मिनिटांत दाखला देते," असं म्हणा, आणि माप बसलं तर खरोखर दहा मिनिटांत द्या.